हॉलिवूडच्या विनोदी चित्रपटांतील काम आणि कुटुंब यांचा संघर्ष

हॉलिवूडच्या विनोदी चित्रपटांतील काम आणि कुटुंब यांचा संघर्ष हा अमेरिकन चित्रपटसृष्टीत मूकपटांच्या काळापासून हाताळला गेलेला विषय आहे. नोकरी किंवा व्यवसाय माणसाकडून जो वेळ मागतो आणि घर, जोडीदार व मुले जो वेळ मागतात, त्यांची ओढाताण हा अशा चित्रपटांच्या कथानकाचा गाभा असतो. १९८० पासून या विषयावर विनोदी चित्रपट मोठ्या संख्येने निघाले. 'नाइन टू फाइव्ह' (१९८०), 'मिस्टर मॉम' (१९८३), 'बेबी बूम' (१९८७), 'मिसेस डाउटफायर' (१९९३), 'लायर लायर' (१९९७), 'क्लिक' (२००६) आणि 'द इंटर्न' (२०१५) हे त्यांपैकी काही प्रसिद्ध चित्रपट होत.

या चित्रपटांत संघर्षाचे मूळ बहुधा कामाच्या ठिकाणी असते. कामाचे लांबलेले तास, सुट्टी न देणारा वरिष्ठ किंवा बढतीची अट त्यातून दाखवली जाते. त्याचा उलगडा मात्र बहुतेक वेळा घरात होतो. पुरुष नायकाला आपली चूक उमगते आणि तो घरी परततो, तर नायिकेला नोकरी, लग्न किंवा मूल यांतून निवड करावी लागते. कार्यालयाचे नियम बदलून प्रश्न सोडवणारे चित्रपट थोडे आहेत. 'नाइन टू फाइव्ह' हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

सामाजिक पार्श्वभूमी

औद्योगिकीकरणानंतर अमेरिकेत कामाची जागा आणि राहण्याची जागा वेगळ्या झाल्या. पुरुषाने बाहेर जाऊन मिळवावे व स्त्रीने घर सांभाळावे, ही विभागणी शहरी मध्यमवर्गात आदर्श मानली गेली. कष्टकरी कुटुंबांतील स्त्रिया मात्र पूर्वीपासून घराबाहेरही काम करत होत्या. दुसऱ्या महायुद्धात स्त्रिया मोठ्या संख्येने कारखान्यांत काम करू लागल्या, तेव्हा लॅनहॅम कायद्याखाली सरकारी मदतीने पाळणाघरे चालवण्यात आली. युद्ध संपल्यावर ही मदत थांबली आणि त्यांपैकी बहुतेक पाळणाघरे बंद पडली.

१९७१ साली अमेरिकी काँग्रेसने देशव्यापी बालसंगोपन व्यवस्था उभारण्याची तरतूद असलेले विधेयक मंजूर केले होते. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. त्यानंतर मुलांच्या संगोपनाची जबाबदारी मुख्यतः कुटुंबावर आणि खासगी सेवांवर राहिली. १९९३ साली राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने पात्र कर्मचाऱ्यांना वर्षाला १२ आठवड्यांपर्यंत रजा मिळू लागली, परंतु ती बिनपगारी आहे. खासगी क्षेत्रात हा कायदा ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाच लागू होतो.

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी 'द सेकंड शिफ्ट' (१९८९) या पुस्तकात नोकरी करणाऱ्या जोडप्यांचा अभ्यास मांडला. बाहेरचे काम संपवून घरी आलेल्या स्त्रीची घरात दुसरी पाळी सुरू होते, हे त्यांचे प्रतिपादन पुढे खूप चर्चिले गेले. मुले कोणी सांभाळायची, आजारी मुलासाठी रजा कोणी घ्यायची आणि शाळेच्या कार्यक्रमाला कोणी जायचे हे प्रश्न त्यामुळे घरोघरी रोजचे झाले होते. या काळातील विनोदी चित्रपट याच प्रश्नांभोवती फिरतात.

इतिहास

मूकपट आणि चॅप्लिन

चार्ली चॅप्लिन यांच्या 'द किड' (१९२१) या चित्रपटात काम आणि कुटुंब एकमेकांत मिसळलेले दिसतात. फिरस्त्या नायकाला एक टाकून दिलेले बाळ सापडते व तो त्याला वाढवतो. मोठा झालेला मुलगा दगड मारून लोकांच्या खिडक्यांच्या काचा फोडतो आणि मागून नायक काचा बसवणारा म्हणून तेथे हजर होतो. बाप-लेकाचा संसार या उद्योगावर चालतो. त्यांच्यावरील संकट अनाथाश्रमाच्या अधिकाऱ्यांच्या रूपाने येते. 'मॉडर्न टाइम्स' (१९३६) मध्ये नायक व त्याची सोबतीण एका सुखी घराचे स्वप्न पाहतात. ते घर मिळवण्यासाठी नायक पुन्हा कामाच्या शोधात निघतो. या दोन्ही चित्रपटांत गरिबाला कुटुंब टिकवण्यासाठी काम हवे असते. पुढील काळातील चित्रपटांत हे चित्र उलटे झाले. तेथे काम भरपूर असते आणि कुटुंबासाठी वेळ नसतो.

स्क्रूबॉल विनोदपट

१९३० आणि १९४० च्या दशकांत चटपटीत संवाद व स्त्री-पुरुषांची जुगलबंदी यांवर आधारलेले स्क्रूबॉल विनोदपट लोकप्रिय झाले. हॉवर्ड हॉक्स दिग्दर्शित 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) हा बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांच्या 'द फ्रंट पेज' (१९२८) या नाटकावर आधारित आहे. मूळ नाटकातील हिल्डी जॉन्सन हा वार्ताहर पुरुष आहे, चित्रपटात ती स्त्री करण्यात आली. रोझालिंड रसेल यांनी साकारलेली हिल्डी पत्रकारिता सोडून एका विमा प्रतिनिधीशी लग्न करायला निघाली आहे. तिचा पूर्वीचा पती आणि संपादक वॉल्टर (कॅरी ग्रँट) तिला एका मोठ्या बातमीत गुंतवून ठेवतो. अखेर हिल्डी वॉल्टरकडे परतते, पण त्यांच्या मधुचंद्राच्या बेतातही संपाची बातमी आडवी येते. या चित्रपटात वृत्तपत्राचे कार्यालय हेच नायिकेचे खरे घर ठरते.

जॉर्ज स्टीव्हन्स दिग्दर्शित 'वुमन ऑफ द इयर' (१९४२) मध्ये कॅथरिन हेपबर्न यांनी राजकीय स्तंभलेखिकेची, तर स्पेन्सर ट्रेसी यांनी क्रीडा पत्रकाराची भूमिका केली. नायिका पतीला न विचारता एका निर्वासित ग्रीक मुलाला घरी आणते. परंतु त्याच्यासाठी तिच्याजवळ वेळ नसतो. शेवटच्या प्रसंगात ती पतीसाठी न्याहारी करायला जाते आणि स्वयंपाकघरात तिची फजिती होते. चित्रपटाचा आधीचा शेवट पूर्वप्रदर्शनानंतर बदलून हा प्रसंग घालण्यात आला होता. कर्तबगार स्त्रीला चुलीपुढे हतबल दाखवणारा हा शेवट पुढे वादाचा विषय ठरला. जॉर्ज क्यूकर यांच्या 'अॅडम्स रिब' (१९४९) मध्ये हेच कलावंत वकील पती-पत्नी म्हणून एकाच खटल्यात परस्परविरोधी बाजू लढवतात. दिवसा न्यायालयातील वाद रात्री घरी येतो. या चित्रपटात पत्नीला वकिली सोडावी लागत नाही.

स्क्रूबॉल विनोदपटांतील जोडप्यांना बहुधा मुले नसतात. त्यामुळे त्यांतील संघर्ष काम आणि विवाह यांच्यातला असतो. काम आणि पालकत्व यांतील ओढाताण पुढील काळात मध्यवर्ती झाली.

१९६० चे दशक

बिली वाइल्डर यांच्या 'द अपार्टमेंट' (१९६०) या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर पुरस्कार मिळाले. विमा कंपनीतील एक कारकून बढतीच्या आशेने आपल्या घराची किल्ली वरिष्ठांना त्यांच्या विवाहबाह्य भेटींसाठी देतो. स्वतः तो मात्र थंडीत बाहेर ताटकळतो. कामाने घरावर केलेले अतिक्रमण येथे शब्दशः दाखवले आहे. नायक अखेरीस किल्ली देणे नाकारतो आणि नोकरी सोडतो.

'मेरी पॉपिन्स' (१९६४) या सांगीतिक चित्रपटात १९१० मधील लंडनचे बँक्स कुटुंब आहे. वडील बँकेत अधिकारी असून त्यांचे घरही बँकेसारखे वेळापत्रकावर चालते. आई स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत गुंतलेली असते. शेवटी वडील मुलांसोबत पतंग उडवतात आणि आईच्या चळवळीचा पट्टा त्या पतंगाचे शेपूट होतो. वडिलांना गेलेली नोकरी भागीदारीसह परत मिळते. आईच्या चळवळीचे पुढे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही. व्यग्र पित्याचे हृदयपरिवर्तन आणि त्याचे बक्षीस, हा साचा पुढे अनेक चित्रपटांनी वापरला.

'नाइन टू फाइव्ह' (१९८०)

कॉलिन हिगिन्स दिग्दर्शित 'नाइन टू फाइव्ह' मध्ये जेन फोंडा, लिली टॉमलिन आणि डॉली पार्टन यांच्या प्रमुख भूमिका आहेत. बॉस्टन शहरात १९७३ साली स्थापन झालेल्या 'नाइन टू फाइव्ह' या कार्यालयीन महिला कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या कामातून या चित्रपटाची प्रेरणा मिळाली होती. चित्रपटातील व्हायलेट ही चार मुलांची विधवा आई आहे. तिने शिकवून तयार केलेल्या पुरुषाला तिच्याऐवजी बढती दिली जाते. जुडी घटस्फोटानंतर पहिल्यांदाच नोकरी करत आहे. डोरॅलीला वरिष्ठाच्या लगटीला तोंड द्यावे लागते.

योगायोगांच्या मालिकेनंतर या तिघी त्या वरिष्ठाला त्याच्याच घरात कोंडून ठेवतात आणि त्याच्या नावाने कार्यालय चालवतात. कामाचे तास लवचिक केले जातात, एक जागा दोघींनी वाटून घेण्याची सोय होते, कार्यालयात पाळणाघर सुरू होते आणि समान वेतन लागू होते. उत्पादकता वाढल्याचे पाहून कंपनीचे अध्यक्ष खूश होतात आणि बदलांचे श्रेय त्या वरिष्ठाला देतात. समान वेतनाची सुधारणा मात्र त्यांना मान्य नसते. प्रहसनाच्या अंगाने जाणाऱ्या या चित्रपटाने कार्यालयाची रचना बदलली तर घरचा प्रश्नही हलका होतो, ही गोष्ट सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचवली. त्याला व्यावसायिक यशही मोठे मिळाले.

भूमिकांची अदलाबदल

१९७९ साली आलेला 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर' हा गंभीर चित्रपट होता. पत्नी घर सोडून गेल्यावर जाहिरात क्षेत्रातील एका पित्याला मुलाचा सांभाळ एकट्याने करावा लागतो, अशी त्याची कथा आहे. हाच विषय विनोदी अंगाने 'मिस्टर मॉम' (१९८३) मध्ये आला. जॉन ह्यूजेस लिखित या चित्रपटात डेट्रॉइटच्या मोटार उद्योगातील अभियंता जॅक (मायकेल कीटन) मंदीत नोकरी गमावतो. त्याची पत्नी कॅरोलाइन (टेरी गार) हिला जाहिरात संस्थेत नोकरी मिळते. घर सांभाळताना जॅकची होणारी त्रेधा, मुलांना शाळेत सोडताना चुकीच्या दिशेने घातलेली गाडी आणि कपडे धुण्याच्या यंत्राशी झालेली झटापट यांवर विनोद उभा आहे. हळूहळू जॅकला घरकामातील कष्ट कळतात. शेवटी त्याला जुनी नोकरी परत मिळते.

ख्रिस कोलंबस यांच्या 'मिसेस डाउटफायर' (१९९३) मध्ये ही अदलाबदल वेषांतरातून येते. अॅन फाइन यांच्या १९८७ सालच्या कादंबरीवर हा चित्रपट आधारित आहे. डॅनियल (रॉबिन विल्यम्स) हा मुलांवर जीव टाकणारा, पण बेजबाबदार कलावंत आहे. त्याची पत्नी मिरांडा (सॅली फील्ड) अंतर्गत सजावटकार असून घराची शिस्त व आर्थिक भार दोन्ही तिच्यावर असतात. घटस्फोटानंतर मुलांना भेटता यावे म्हणून डॅनियल प्रौढ स्त्रीचा वेष घेऊन मिरांडाच्या घरी कामाला राहतो. पिता म्हणून जी शिस्त त्याला जमली नाही, ती पगारी दाई म्हणून तो शिकतो. शेवटी पती-पत्नी पुन्हा एकत्र येत नाहीत, मात्र मुलांना रोज दुपारी सांभाळण्याची मुभा त्याला मिळते. घटस्फोटानंतरही कुटुंब टिकू शकते, असे सांगणारा हा शेवट त्या काळच्या कौटुंबिक विनोदपटांत वेगळा होता.

व्यग्र पिता

१९९० च्या दशकापासून व्यग्र पित्याची कथा हा एक ठरीव साचा झाला. त्यातील नायक साधारणपणे यशस्वी व्यावसायिक असतो. मुलाचा सामना, वाढदिवस किंवा शाळेचा कार्यक्रम त्याच्याकडून चुकतो आणि दिलेला शब्द मोडतो. त्यानंतर एखादी अद्भुत घटना त्याला बदलायला भाग पाडते.

'जिंगल ऑल द वे' (१९९६) मध्ये गाद्यांच्या व्यवसायातील पिता (अर्नोल्ड श्वार्झनेगर) मुलाच्या कराटेच्या कार्यक्रमाला पोहोचत नाही. त्याची भरपाई म्हणून नाताळच्या आदल्या दिवशी तो एक दुर्मीळ खेळणे शोधत शहरभर धावतो. वेळेऐवजी वस्तू देण्याच्या पालकांच्या सवयीवर हा चित्रपट उपहास करतो. 'लायर लायर' (१९९७) मधील वकील (जिम कॅरी) मुलाच्या वाढदिवसाला येत नाही, तेव्हा मुलगा वडिलांनी एक दिवस खोटे बोलू नये अशी इच्छा करतो. ती खरी ठरते आणि खोटेपणावर चाललेली त्याची वकिली व कौटुंबिक जीवन दोन्ही उघडी पडतात. 'एल्फ' (२००३) मधील बालपुस्तकांचा प्रकाशक स्वतःच्या मुलांकडे दुर्लक्ष करतो. नाताळच्या रात्री बैठक सोडून जाण्याचा निर्णय त्याला घ्यावा लागतो.

फ्रँक कोरासी दिग्दर्शित 'क्लिक' (२००६) मध्ये या साच्याचे सर्वांत कठोर रूप दिसते. वास्तुविशारद मायकेल न्यूमन (अॅडम सँडलर) याला आयुष्य पुढे सरकवणारा रिमोट मिळतो. आजारपण, भांडणे आणि बढतीपर्यंतची प्रतीक्षा तो ओलांडून जातो. पुढे रिमोट त्याच्या सवयी ओळखून आपोआप वर्षे गाळू लागतो. मुलांचे बालपण, स्वतःचा संसार आणि वडिलांची अखेरची भेट त्याच्या हातून निसटतात. मुलगाही कामासाठी मधुचंद्र रद्द करायला निघालेला पाहून त्याला आपली चूक पुढील पिढीत उतरल्याचे कळते. शेवटी तो जागा होतो व त्याला दुसरी संधी मिळते.

नोकरी करणारी आई

पुरुष नायकाचा दोष अनुपस्थिती हा असतो, तर स्त्री नायिकेची अडचण दोन ठिकाणी एकाच वेळी उपस्थित राहण्याची असते. चार्ल्स शायर दिग्दर्शित आणि नॅन्सी मायर्स यांच्यासह त्यांनीच लिहिलेल्या 'बेबी बूम' (१९८७) मध्ये न्यूयॉर्कमधील व्यवस्थापन सल्लागार जे. सी. वायट (डायान कीटन) हिच्याकडे दूरच्या नातेवाइकाचे बाळ येते. एका महत्त्वाच्या ग्राहकाबरोबरच्या भेटीसाठी ती बाळाला उपाहारगृहातील कोट ठेवण्याच्या खिडकीपाशी सोडते. कामावरील तिचे स्थान घसरत जाते. ती व्हरमाँटच्या खेड्यात राहायला जाते आणि बाळांसाठी सफरचंदाचा गर तयार करण्याचा व्यवसाय सुरू करते. जुनी कंपनी तिच्यासमोर व्यवसायाच्या विक्रीचा मोठा प्रस्ताव ठेवते, पण ती तो नाकारते.

'वन फाइन डे' (१९९६) मध्ये एकट्याने मुले वाढवणारे दोन पालक एका दिवसापुरते आळीपाळीने एकमेकांची मुले सांभाळतात. 'आय डोन्ट नो हाऊ शी डझ इट' (२०११) हा चित्रपट अॅलिसन पिअर्सन यांच्या २००२ सालच्या कादंबरीवरून घेतला आहे. त्यातील वित्त क्षेत्रातील आई शाळेच्या खाद्यविक्रीसाठी दुकानातून आणलेला पदार्थ घरी केल्यासारखा दिसावा म्हणून खटपट करते. चांगली आई असण्यापेक्षा चांगली आई दिसण्याचा ताण या प्रसंगातून व्यक्त होतो.

नॅन्सी मायर्स यांच्या 'द इंटर्न' (२०१५) मध्ये ज्यूल्स (अॅन हॅथवे) ही ऑनलाइन कपडेविक्री कंपनीची संस्थापक आहे आणि तिचा पती घरी राहून मुलगी सांभाळतो. गुंतवणूकदार बाहेरचा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमण्याचा आग्रह धरतात. विवाह वाचवण्यासाठी ज्यूल्सही त्याला तयार होते, कारण पतीचे दुसरीकडे संबंध असल्याचे तिला कळलेले असते. अखेरीस ती कंपनीची सूत्रे आपल्याकडेच ठेवते. 'बेबी बूम' नंतर २८ वर्षांनी आलेल्या या चित्रपटात त्याच लेखिकेच्या नायिकेला आपली जागा सोडावी लागत नाही.

चित्रणाची वैशिष्ट्ये

वेळेचा दबाव हे या चित्रपटांतील विनोदाचे प्रमुख साधन आहे. घड्याळ, वाहतूक कोंडी, वाजणारा दूरध्वनी आणि एकाच वेळी ठरलेले दोन कार्यक्रम यांतून प्रसंग रचले जातात. दोन ठिकाणी हजर राहण्याच्या प्रयत्नात पात्राची होणारी धावपळ हास्य निर्माण करते. 'मिसेस डाउटफायर' मध्ये एकाच उपाहारगृहात वेष बदलत दोन मेजांवर बसणारा डॅनियल हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

चुकीच्या जागी असणे हे दुसरे साधन होय. कार्यालयात आलेले मूल किंवा स्वयंपाकघरात गोंधळलेला पुरुष पाहून प्रेक्षक हसतो, कारण त्या जागा कोणाच्या, हे त्याच्या मनात आधीच ठरलेले असते. ही समजूत बदलत गेल्यावर काही विनोद जुने वाटू लागले. घरकामात पूर्ण अनभिज्ञ असलेला पिता १९८३ साली जितका स्वाभाविक वाटला, तितका तो नंतरच्या प्रेक्षकांना वाटत नाही.

अद्भुताचा आधार हे तिसरे वैशिष्ट्य आहे. इच्छापूर्ती, जादूचा रिमोट किंवा नाताळचा चमत्कार यांच्याशिवाय व्यग्र पिता थांबत नाही. प्रत्यक्षात रजा मागणे, कामाचे तास कमी करून घेणे किंवा वरिष्ठाशी बोलणे हे मार्ग या कथांत क्वचितच येतात.

शेवट करण्याच्या पद्धतींतही साम्य आढळते. नोकरी आणि कुटुंब यांचा मेळ बसत नसेल, तर नायक किंवा नायिका स्वतःचा व्यवसाय काढते. 'बेबी बूम' मधील नायिका बाळांचे खाद्य विकते, 'एल्फ' मधील पिता स्वतंत्र प्रकाशनसंस्था सुरू करतो आणि 'डॅडी डे केअर' (२००३) मध्ये नोकरी गेलेले पिता घरातच पाळणाघर चालवतात. जुने कार्यालय मात्र जसे होते तसेच राहते.

टीका आणि अभ्यास

सुझन फालुडी यांनी 'बॅकलॅश' (१९९१) या पुस्तकात १९८० च्या दशकातील माध्यमांनी स्त्रीमुक्तीविरोधी प्रतिक्रिया कशी घडवली, याची चर्चा केली आहे. 'बेबी बूम' सारख्या चित्रपटांतील नोकरदार स्त्रीचे चित्रण त्यांनी या प्रवाहाचा भाग मानले. तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी 'परस्यूट्स ऑफ हॅपिनेस' (१९८१) मध्ये 'हिज गर्ल फ्रायडे' आणि 'अॅडम्स रिब' यांचा समावेश पुनर्विवाहाच्या विनोदपटांत केला. विभक्त झालेले किंवा होऊ घातलेले जोडपे समान पातळीवर संवाद करत पुन्हा एकत्र येते, हे या प्रकाराचे लक्षण त्यांनी सांगितले. हॉक्सचाइल्ड यांचे 'द टाइम बाइंड' (१९९७) हे पुस्तकही या संदर्भात उपयुक्त ठरते. काही कर्मचाऱ्यांना घर कामासारखे आणि काम घरासारखे वाटू लागते, हे त्यातील निरीक्षण 'हिज गर्ल फ्रायडे' मधील हिल्डीलाही लागू पडते.

या चित्रपटांची वर्गीय मर्यादाही लक्षणीय आहे. व्यग्र पिता वकील, वास्तुविशारद किंवा प्रकाशक असतो. एक बैठक सोडल्याने किंवा नोकरीचा राजीनामा दिल्याने त्याच्या घरी चूल बंद पडत नाही. तासांवर मजुरी मिळवणारे, दोन नोकऱ्या करणारे किंवा पाळीत काम करणारे पालक या विनोदपटांच्या केंद्रस्थानी फारसे येत नाहीत. कामापेक्षा कुटुंब मोठे, हा बोध त्यांच्यापुढे वेगळा प्रश्न उभा करतो, कारण त्यांचे काम हाच कुटुंबाचा आधार असतो. चॅप्लिन यांच्या मूकपटांत असलेली ही जाणीव पुढील मुख्य प्रवाहात मागे पडली.

अन्य देशांतील चित्रपट

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा 'आय वॉज बॉर्न, बट...' (१९३२) हा मूकपट हॉलिवूडच्या साच्याहून वेगळा आहे. दोन लहान भावांना वडील मोठे वाटत असतात. वरिष्ठाच्या घरी दाखवलेल्या एका घरगुती चित्रफितीत वडील त्याला खूश करण्यासाठी विदूषकी चाळे करताना त्यांना दिसतात. रागावलेली मुले अन्न सोडतात. येथे काम वडिलांचा वेळ हिरावून घेत नाही, तर मुलांच्या मनातील त्यांचा मान हिरावते. पगारासाठी हे करावे लागते, हे मुलांना हळूहळू स्वीकारावे लागते.

मारेन आडे यांच्या 'टोनी एर्डमन' (२०१६) या जर्मन चित्रपटात बुखारेस्टमध्ये व्यवस्थापन सल्लागार असलेल्या मुलीला भेटायला तिचे थट्टेखोर वडील येतात. टोप आणि खोटे दात लावून ते तिच्या व्यावसायिक वर्तुळात वावरतात. मुलगी बदलते, पण आपले क्षेत्र सोडत नाही. मुलांना वेळ न देणाऱ्या पित्याऐवजी येथे पित्याला वेळ न देणारे अपत्य आहे.

भारतात 'मिसेस डाउटफायर' शी साम्य असलेले कथानक 'अव्वै षण्मुखी' (१९९६) या तमिळ चित्रपटात आले. कमल हासन यांनी त्याची हिंदी आवृत्ती 'चाची ४२०' (१९९७) या नावाने दिग्दर्शित केली. हिंदी चित्रपटात नायक लक्ष्मी गोडबोले नावाच्या मराठी स्त्रीचा वेष घेतो आणि नऊवारी साडीत वावरतो. हॉलिवूडच्या चित्रपटात घटस्फोटाचे कारण पत्नीवर पडलेला दुहेरी भार हे आहे. हिंदीत संघर्ष गरीब नायक आणि त्याचा श्रीमंत सासरा यांच्यातील दरीकडे वळला आणि शेवटी पती-पत्नी एकत्र येतात. आर. बाल्की यांच्या 'की अँड का' (२०१६) मध्ये पती स्वखुशीने गृहस्थी सांभाळतो आणि पत्नी नोकरीत पुढे जाते. 'मिस्टर मॉम' मधील पित्यावर बेकारीमुळे घरी बसण्याची वेळ आली होती. येथे ती निवड आहे. पतीला घरकामामुळेच प्रसिद्धी मिळू लागल्यावर पत्नीला वाटणारा मत्सर हा चित्रपटातील पुढचा संघर्ष आहे.

निवडक चित्रपट

द किड (१९२१), दिग्दर्शक चार्ली चॅप्लिन
हिज गर्ल फ्रायडे (१९४०), दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स
वुमन ऑफ द इयर (१९४२), दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स
अॅडम्स रिब (१९४९), दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर
द अपार्टमेंट (१९६०), दिग्दर्शक बिली वाइल्डर
मेरी पॉपिन्स (१९६४), दिग्दर्शक रॉबर्ट स्टीव्हन्सन
नाइन टू फाइव्ह (१९८०), दिग्दर्शक कॉलिन हिगिन्स
मिस्टर मॉम (१९८३), दिग्दर्शक स्टॅन ड्रगोटी
बेबी बूम (१९८७), दिग्दर्शक चार्ल्स शायर
मिसेस डाउटफायर (१९९३), दिग्दर्शक ख्रिस कोलंबस
जिंगल ऑल द वे (१९९६), दिग्दर्शक ब्रायन लेव्हंट
वन फाइन डे (१९९६), दिग्दर्शक मायकेल हॉफमन
लायर लायर (१९९७), दिग्दर्शक टॉम शॅडियॅक
एल्फ (२००३), दिग्दर्शक जॉन फॅव्हरो
डॅडी डे केअर (२००३), दिग्दर्शक स्टीव्ह कार
क्लिक (२००६), दिग्दर्शक फ्रँक कोरासी
आय डोन्ट नो हाऊ शी डझ इट (२०११), दिग्दर्शक डग्लस मॅकग्रा
द इंटर्न (२०१५), दिग्दर्शक नॅन्सी मायर्स

हे सुद्धा पहा

स्क्रूबॉल विनोदपट
पाळणाघर
प्रसूती रजा
घरकाम
आर्ली हॉक्सचाइल्ड